बिनपाण्याची नवरी

सानगडीत कोणाच्या घरी मांडव पडायचा झाला की पहिली अक्षत देवाला आणि दुसरी तुळसाबाईच्या दुरडीला. बाईला नव्हे हो, दुरडीला! बाई काय, बोलावलं नसतं तरी आली असती, आणि येऊन चार जणांना खडसावूनही गेली असती. तोंडाची ती फटकळच. पण बांबूची, बुरडाच्या हातची, काठ दोनदा नव्यानं विणून घेतलेली ती दुरडी मांडवात आल्याशिवाय भैयाजी आचारी चुलीला काडी लावायचा नाही. आणि भैयाजी हा माणूस असा, की नवरदेवाच्या बापानं सांगितलं तरी त्याचं ऐकणार नाही.

आता या दुरडीची गोष्ट सांगायची तर आधी पाण्याची सांगावी लागते.

सत्तर सालचा वैशाख होता. तुळसा अड्याळची. सानगडीच्या कवडूला दिली. वऱ्हाड बैलबंड्यांनी आलं. बापानं कशात हात आखडता घेतला नव्हता. मांडवावर जांभळीचे डहाळे होते, वांगे-आलूची भाजी होती, वरण-भात होता, बुंदी होती. लगन लागलं, नवरदेवाकडची पंगत बसली. भाजी अशी झणझणीत, की पहिल्याच घासाला लोकांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. तेवढंच काय ते पाणी! वाढप्यानं रांजणात गडवा घातला तर तो तळाला जाऊन खणकन वाजला.

सकाळी रांजण भरलेले सगळ्यांनी पाहिले होते. पण हळदीच्या आंघोळी त्यातूनच झाल्या आणि नंतर कोणी भरलेच नाहीत. काका म्हणाला, "मले वाटलं पोट्ट्याइनं भरलं असंन." पोट्टे म्हणाले, "आमाले वाटलं बाया भरून राहिल्या." बायांना वाटलं, पाण्यावर गडी लावला आहे. गडी म्हणाला, "मले तं लाकडं फोडाले सांगतलं होतं." आणि बापाला, त्या बिचाऱ्याला वाटलं, एवढा गोतावळा आहे, पाणी भरा म्हणून काय सांगायचं! विहीर मांडवापासून लांब होती. पाणी येईस्तोवर वऱ्हाड ठसके देत बसून राहिलं.

त्या पंगतीत करवली बसली होती, कवडूची धाकटी बहीण बेबी. नुकतीच लुगडं नेसायला लागलेली पोरगी, आणि जिभेला हाड म्हणून नाही. तिला असा ठसका लागला की डोळेच पांढरे झाले. पाठीवर थापा बसल्या, श्वास परत आला, आणि आल्या श्वासासरशी बाईसाहेब काय बोलल्या? "माह्या भावानं बिनपान्याची नवरी केली वो माय!"

पंगत खो खो हसली. नाव पडायला आणखी काय लागतं? तुळसाचा बाप मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. तो हसला नाही, रागावलाही नाही, नुसता खाली बघत राहिला. मुंडावळ्यांच्या आडून तुळसानं त्याचं ते तोंड पाहिलं आणि पुढं जन्मभर ती ते विसरू शकली नाही.

परतीच्या वाटेवर कवडूनं एका शेतातल्या विहिरीपाशी बंडी थांबवली. पळसाची पानं तोडून द्रोण केला, पाणी आणलं आणि नव्या बायकोपुढं धरलं. "तू बी तं सकाळपासून पेली नसशीन," म्हणाला. सगळ्या वऱ्हाडाच्या तहानेचा बोभाटा झाला, पण नवरीलाही तहान लागते हे एका कवडूलाच सुचलं. त्या द्रोणावर तुळसानं त्याला पुढं पुष्कळ माफ केलं. माफ करण्यासारखं त्यानं पुष्कळ केलंही, पण ते जाऊ द्या.

नाव मात्र तिच्या आधी सानगडीत पोचलं. विहिरीवर गेली की बाया म्हणायच्या, "भर वो भर, माहेरचं बी भरून घे." कोणाकडे हळदीकुंकवाला गेली की घरची म्हातारी हाक द्यायची, "बिनपान्याची आली, पानी द्या रे तिले!" कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि खरी पंचाईत तीच. वाईट मनानं कोणी बोललं तर त्याच्याशी भांडता येतं. गमतीनं बोलणाऱ्याशी कसं भांडायचं? तुळसा हसायची आणि घरी येऊन जातं असं ओढायची की पीठ मैद्यागत निघायचं.

बेबीचं लगन पुढच्याच साली झालं. नवरा चिखला गावच्या खाणीत कामाला. कंपनीची खोली, दारात नळ. दिवाळीला, अक्षय्यतृतीयेला ती माहेरी यायची. तुळसा नणंदेला काही उणं पडू देत नसे. पण दारात पाय ठेवल्याबरोबर तिच्या हातात गडवा द्यायची, आणि तो इतका काठोकाठ भरलेला, की घेताना लुगड्यावर सांडायचाच. "घ्या बाई, पानी घ्या," म्हणायची. एवढंच. बेबीला कळायचं. ती गुपचूप गडवा तोंडाला लावायची, पदर ओला करून घ्यायची आणि दुसरंच काही बोलायला लागायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. ना एकीनं विषय काढला, ना दुसरीनं गडवा कमी भरला.

दुरडी जन्माला आली ती गोपीचंदच्या घरी. गोपीचंद म्हणजे तुळसाचा शेजारी. त्याच्या पोरीचं लगन होतं. तुळसा आपली लेक सुमन कडेवर घेऊन मांडवात उभी होती, तेवढ्यात मागून आवाज आला, "पत्रावळी? मले वाटलं तू आनून राहिला."

तिच्या अंगावर काटाच आला. मांडवाच्या खांबाला धरून उभा असलेला बाप डोळ्यांपुढं आला. मग काय विचारता! तिनं तिथल्या तिथं बाप्यांची अशी हजेरी घेतली की भैयाजीच्या हातातला झारा हवेतच राहिला. "तुले वाटलं, त्याले वाटलं! या 'मले वाटलं'नं घरं बुडवली लोकाइची! वाटून कोनाची पत्रावळ शिवली जाते का?" भैयाजी म्हणाला, "मंग तूच सांग ना बाई, कोनं काय करावं ते." म्हणाला टोमण्यानं, पण तिनं ते खरंच मनावर घेतलं.

घरी गेली, रुखवतात आलेली दुरडी होती, तिच्यातले कांदे जमिनीवर ओतले आणि हाताला येईल ते तिच्यात टाकत सुटली. पाण्यासाठी चुंबळ, म्हणजे डोक्यावर घागरीखाली ठेवायची कापडाची गुंडाळी. पत्रावळीसाठी पानं टोचायच्या काड्यांची जुडी. चुलीसाठी फुंकणी. तांदूळ धुणाऱ्यासाठी मापाचा शेर. मिठाची वाटी. उष्टं उचलणाऱ्यासाठी शिंदीच्या फड्याचा, म्हणजे झाडूचा, तुकडा. दिवाबत्ती करणाऱ्यासाठी गॅसबत्तीची पिन. हळद लावणाऱ्यांसाठी हळकुंड. आणि वऱ्हाडाच्या बैलांना चारापाणी करणाऱ्यासाठी बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. तेवढं घेऊन ती गोपीचंदच्या मांडवात परत आली आणि एकेकाला हाक मारून एकेक जिन्नस हातावर ठेवत गेली. लोकांना वाटलं, बाईला वारं आलं.

पण तिचे नियम होते, आणि ते तिनं त्याच दिवशी ठरवून टाकले. जिन्नस हातातून हातात जायची, खाली ठेवायची नाही. घेणाऱ्यानं चार माणसांत मोठ्यानं म्हणायचं, "माह्या हाती." नुसती मान डोलावलेली चालायची नाही. हाताखाली किती माणसं घ्यायची ती त्यानं घ्यावी, पण जिन्नस त्याच्याच कमरेला. काम पुरतं झालं की जिन्नस दुरडीत परत. सगळ्या जिनसा परत आल्याशिवाय तुळसाबाई जेवायची नाही. आणि वाटणाऱ्यानं स्वतःजवळ काही ठेवायचं नाही. "वाटनाऱ्याच्या कमरेले राह्यलं ते हरपलंच समजा," ती म्हणायची. "त्याले हजार ठिकानी बोलावते लोक."

पहिल्या वर्षी हसले. दुसऱ्या वर्षी मागून न्यायला लागले. मग ध्यानात आलं, की लगनात काय आणि तेरवीत काय, माणसं जेवू घालायची म्हणजे कामं तीच. दरवेळी नव्यानं डोकं कशाला खाजवायचं? तेरवी असली की तुळसाबाई दुरडीतून हळकुंड काढायची आणि काळ्या तिळांची पुरचुंडी टाकायची, बाकी सगळं तसंच. भागवत सप्ताह असला की टाळाची दोरी वाढायची. पावसाळ्याआधी तलावाचा पाट साफ करायला गाव निघालं, तेव्हा वासुदेवराव पाटलांनी स्वतः येऊन दुरडी मागितली. तुळसाबाईनं त्यात मातीची ढेकळं ठेवली, पाटाच्या एकेका तुकड्याला एकेक. पुढं वऱ्हाडं ट्रकनं यायला लागली, बैल राहिले घरी. लोक म्हणाले, आता घुंगरू काढून टाका. "काहून काढू?" ती म्हणाली. "डायवर काय उपाशी जाईन?" तेव्हापासून घुंगरू ज्याच्या हाती, त्यानं ट्रकच्या डायवरला बोलावून जेवू घालायचं.

चुंबळ मात्र कायम एकीचीच, कुंताबाईची. कुंताबाई गल्लीतलीच. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं कमी. तिनं "माह्या हाती" म्हटलं की तुळसाबाई त्या दिवसापुरती पाण्याला विसरून जायची. सानगडीत त्यानंतर एकही पंगत पाण्यावाचून अडली नाही. नाव मात्र गेलं नव्हतं. नावं जातात कुठं? जुन्या म्हाताऱ्या अजून तिला बिनपाण्याचीच म्हणायच्या, आणि नव्या सुनांना वाटायचं, हे नाव हिला गमतीनं उलट्या अर्थानं पडलं असेल.

एकोणनव्वद सालच्या वैशाखात सुमनचं लगन ठरलं. आणि सोयरीक कुठली तर अड्याळचीच! कवडू खुश झाला. तुळसाबाईनं होकार दिला, पण तिची झोप उडाली. तिच्या बापाला जाऊन वर्षं झाली होती. पण ती पंगत पाहिलेले लोक अड्याळात अजून होते. तेच आता वऱ्हाडी होऊन तिच्या मांडवात बसणार. त्यांच्यासमोर तिच्या सुमनच्या लगनात काही चुकलं असतं, तर पोरगी आयुष्यभर आईचंच नाव वागवत राहिली असती. "दुसरं काही कमी पडलं तं पडो," ती कवडूला म्हणाली, "पन माह्या पोरीले ते नाव नको."

"दुरडी हाय ना तुही," कवडू म्हणाला.

"हाय," ती म्हणाली, पण तोंडावरची काळजी गेली नाही.

आणि नेमकं काय व्हावं? लगनाच्या सकाळी कुंताबाईच्या पोरीच्या पोटात दुखायला लागलं. पहिलटकरीण. जी गाडी मिळाली तिच्यात घालून कुंताबाई तिला घेऊन भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेली. जाता जाता सांगून गेली, "वैनी, चुंबळ दुसरीच्या हाती देजो." आता तिला थांब कसं म्हणायचं? पोरीपेक्षा पाणी मोठं नाही.

तुळसाबाई मांडवात दुरडी घेऊन बसली आणि एकेक जिन्नस वाटू लागली. फुंकणी भैयाजीच्या हाती. शेर तांदूळ धुणाऱ्या पुष्पाबाईच्या हाती. काड्यांची जुडी, मिठाची वाटी, फडा, सगळं गेलं. चुंबळ हातात आली आणि ती विचार करत थांबली. कोणाला द्यावी? ही नको, हिचं डोकं दुखते. ती नको, ती बोलत उभी राहते. तेवढ्यात आतून सासूचा आवाज आला, "वो तुळसा, नवरीची आंघोळ खोळंबून राहिली!" तिनं चुंबळ पदराखाली कमरेला खोचली. "देतोच आता कोनाले तरी," असं आपल्याशीच म्हणत ती आत गेली.

खोचली, आणि गेली! सतरा-अठरा वर्षं जगाला जो नियम शिकवला, तो स्वतःच्या पोरीच्या लगनात बाईनं स्वतः मोडला. तिला बोल लावायला जीभ वळत नाही. त्या दिवशी ती वाटणारी नव्हतीच, ती आई होती. सुमनच्या अंगावर हळदीचं पाणी ओतताना तिला दुसरं काही दिसत नव्हतं. पोरीच्या पाठीवर लहानपणी भाजल्याचा डाग होता, त्याच्यावरून ती पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली. "माय, पुरे ना वो," सुमन म्हणाली, आणि दोघी रडल्या. मग चुडा भरणं, मग देवाच्या पाया पडणं, मग वऱ्हाड आल्याचा गलका. चुंबळ कमरेला तशीच. रांजण आणि मांडवामागची दोन पिंपं आंघोळींनी रिकामी झाली, ते कोणी तिला सांगायला आलं नाही. येणार कशाला? सगळ्यांना वाटलं, पाणी कोणाच्या तरी हाती आहे.

लगन लागलं. अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. पंगत बसली, पहिलीच, नवरदेवाकडची. पत्रावळी मांडल्या गेल्या, भात आला, वरण आलं, वांगे-आलूची भाजी आली. पंगतीत अड्याळचा एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा बसला होता. तुळसाबाईनं त्याला ओळखलं. त्या दिवशीही तो होता. त्यानं पहिला घास घेतला, डोळे मिचकावले आणि म्हणाला, "भाजी तं आमच्या अड्याळासारखीच झनझनीत हाय सानगडीवाल्याहो! पानी आना."

तुळसाबाईचा हात आपोआप कमरेला गेला आणि चुंबळीला लागला.

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते काय असतं, ते तिला त्या घटकेला समजलं. मांडवाच्या खांबाला तिनं हात टेकला आणि टेकल्यावर तिला कळलं की आपण बापासारख्याच उभ्या आहोत. "माय माय माय, माह्याच हातून!" असं पुटपुटत ती लुगड्याचा ओचा आवरून मांडवामागं पळाली. चाळिशीकडे झुकलेली नवरीची माय अशी पळताना पाहून भैयाजी "काय झालं वो?" म्हणून ओरडला. ती कशाला थांबते!

मागं आली आणि पाहते तर काय, रांजण काठोकाठ भरलेला. झाकणावर पाण्याचे थेंब होते. एक पिंप भरलेलं, दुसरं गळ्यापर्यंत आलेलं. विहिरीच्या वाटेवर ओल्या पावलांची रांगच्या रांग. वाढपी गडवे बुडवून मांडवाकडे निघालेही होते.

वाटेनं बायका येत होत्या, गल्लीतल्याच चौघी-पाचजणी, आणि सगळ्यांच्या पुढं बेबी. नवरीची आत्या! जिनं मांडवात मानानं बसून आहेर घ्यायचा, ती. अंगावरचं नवं जांभळं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, खांद्यापर्यंत भिजलेलं. डोक्यावर पितळेचा भरलेला गुंड. खाली चुंबळ नाही. चुंबळ कुठून असणार, ती तर तुळसाबाईच्या कमरेला होती. गुंडाच्या बुडाचा वळ कपाळावर उमटला होता, केसांतून पाणी ओघळत होतं, आणि कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत वाहत आलं होतं.

बेबी थबकली. पदरात चोरी सापडावी तशी उभी राहिली. "अवो, मी म्हनलं..." एवढंच बोलली.

तुळसाबाईनं तो गुंड बेबीच्या डोक्यावरून दोन्ही हातांनी उचलला आणि पिंपावर टेकवला. कमरेची चुंबळ काढली. ती बेबीच्या ओल्या केसांवर ठेवली, नीट बसवली, आणि म्हणाली, "म्हना."

"आता कायले, वैनी? भरून झालं ना."

"तरी म्हना. रीत हाय."

बेबीनं डोक्यावरची चुंबळ हातानं धरली. "माह्या हाती," ती म्हणाली.

मग तिनं चुंबळ डोक्यावर घेऊन आणखी दोन खेपा केल्या. गरज नव्हती, पिंप भरून वाहत होतं. पण तिला अडवलं कोणी नाही.

पंगती उठल्या. अड्याळचा म्हातारा हात धुताना म्हणाला, "पानी गोड हाय बाप्पा तुमच्या गावचं." त्यानं ते सहज म्हटलं. तुळसाबाईला वाटलं, हे ऐकायला बाप हवा होता. ती कोपऱ्यात जाऊन पदरात तोंड घालून रडली. लोकांनी म्हटलं, पोरगी जाते आहे, रडणारच.

उन्हं कलताना सुमन ट्रकमध्ये बसली. बसताना तिनं आईच्या गळ्यात हात घातला, मग आत्याच्या घातला, आणि म्हणाली, "आत्या, किती भिजली वो तू!" बेबी म्हणाली, "जाय आता, सुखाची राह्य." ट्रक वळणावर दिसेनासा झाला तरी कवडू हात हलवतच राहिला.

मांडवात आता उष्टं काढणं चालू होतं. एकेकजण येऊन दुरडीत जिन्नस टाकत होता. शेर आला, वाटी आली, पिन आली. घुंगरू छुमकन पडलं. डायवर पोटभर जेवून गेला होता. भैयाजीनं फुंकणी ठेवली आणि म्हणाला, "बाई, जेव आता." ती म्हणाली, "एक राह्यली." शेवटी बेबी आली. चुंबळ ओली गच्च होती. तिनं ती पिळली, झटकली आणि दुरडीत ठेवली. दुरडी भरली.

पुष्पाबाईनं दोघींपुढं एकाच पत्रावळीवर भात वाढला. भाजी वाढली. तुळसाबाई उठली आणि रांजणातून गडवा भरून आणला. बेबीनं सवयीनं पदर सावरून धरला. पण गडवा या वेळी बेताचाच भरलेला होता. एक थेंब सांडला नाही. बेबीनं गडव्यात पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

दोघी दोन-चार घास जेवल्या. मग तुळसाबाईनं विचारलं, "बाई, एक सांगा. कुंता नव्हती. मी कोनाले सांगतलं नाई. चुंबळ माह्याच कमरेले. पानी भराले तुमाले कोनं सांगतलं?"

बेबी भात कालवत राहिली. "त्या दिवसापासून," ती हळू म्हणाली, "मी कोनाच्या बी लगनात गेली ना वैनी, तं पयले मांडव नाई पायत. रांजन पायतो. आज पाह्यला, रिकामा." डोळे भरून आले तिचे. "सोळा वर्साची होती मी. ठसका लागला होता. बोलून गेली. मंग ते नाव लोकाइच्या तोंडात गेलं, आन मले परत काढता आलं नाई."

"ते राहू द्या," तुळसाबाई म्हणाली. "मी इचारलं ते सांगा. कोनं सांगतलं तुमाले?"

"कोनं सांगन, वैनी?" बेबी म्हणाली. "मले वाटलं."

तुळसाबाईचा घास हातातच राहिला. जन्मभर ज्या दोन शब्दांवर तिनं दात धरला, ज्यांच्यासाठी दुरडी भरली, अर्ध्या गावाशी भांडली, तेच दोन शब्द नणंदेनं भाताच्या पत्रावळीवर आणून ठेवले होते. ती आधी हसली, मग रडायला लागली, आणि मग तिनं आपल्या हातातला तो घास बेबीच्या तोंडात घातला. भाजी तिखटच होती. बेबीला ठसका लागला.

"पानी!" मांडवातले सगळे एकदमच ओरडले. तोवर तुळसाबाईनं गडवा तिच्या तोंडाला लावला होता.